पळसाच्या देठांचा पुत्र

त्रेतायुगाचा पूर्वार्ध सरत आला होता. भार्गवरामाच्या बाणाला भिऊन पश्चिम समुद्राने सोडून दिलेली अपरान्ताची भूमी अजून पुरती वाळली नव्हती; विहिरींचे पाणी मचूळ लागे, नांगराच्या फाळाला शिंपले लागत, आणि उधाणाच्या दिवशी लाटा आपल्या जुन्या घराच्या उंबऱ्यापर्यंत येऊन मुकाट्याने परत जात. त्या भूमीवर, जिथे एक लहानशी नदी सह्याद्रीचा हात सोडून खाडीला मिळते, तिथे महर्षी ऋतंभरांचा आश्रम होता. उंडी आणि सुरंगीच्या दाट छायेतल्या त्या पर्णकुटींमध्ये पहाटे वेदघोष सुरू झाला की तो लाटांच्या घोषात असा मिसळून जाई, की कोणता आवाज कुठे संपतो हे वाटसरूला सांगता येत नसे. यज्ञकुंडाचा धूर माडांच्या शेंड्यांना वळसा घालून समुद्रावर जाई, आणि किनाऱ्यावरचे धीवर त्या धुरावरून वारा ओळखत.

ऋतंभर अग्नीचे उपासक होते. त्यांच्या अग्निहोत्रातला अग्नी तीन पिढ्या विझलेला नव्हता. ते बोलत थोडे, आणि नियमात तिळाएवढीही चूक त्यांना खपत नसे. त्यांची पत्नी अंशुमती हिला विवाहानंतर पुष्कळ वर्षांनी, केस पिकू लागल्यावर, एक पुत्र झाला. त्याचे नाव मेधस. या कथेच्या वेळी तो वीस वर्षांचा होता, चारांपैकी दोन वेद त्याला मुखोद्गत होते, आणि उरलेल्या दोहोंच्या वेळेत तो धीवरांच्या होड्या ओढत असे.

धीवरांचा नायक दाशार हा म्हातारा मोठा थट्टेखोर होता. आषाढ लागला की होड्या वाळूवर ओढून माडाच्या झापांनी शाकारायच्या असत, त्या दिवशी मेधस आला की दाशार हात जोडून म्हणे, "ऋषिकुमार, तुमच्या मंत्रानं होडी हलत असली तर म्हणा मंत्र. नाहीतर लावा खांदा."

"मंत्र म्हणतो, पण दक्षिणा लागेल."

"बांगडे चालतील?"

"बांगडे तुम्हीच खा. मला वल्हं मारायला शिकवा."

दाशारची सून सुरंगी हिने एकदा त्याला निळीत रंगवलेले एक वस्त्र आणून दिले. "पांढरं नेसून चिखलात उतरता," ती म्हणाली. "माईंनी रोज धुवायचं तरी किती? हे नेसा, यावर डाग दिसत नाही."

ते वस्त्र पाहून ऋतंभर म्हणाले, "नीळ लागलेल्या वस्त्रात केलेले स्नान, दान, जप, होम, सारे व्यर्थ जाते. हे आश्रमात नको." मेधसने मान खाली घातली. अंशुमतीने वस्त्र उचलले आणि दर्भाच्या पेंढ्यांखाली ठेवून दिले. होड्यांकडे जाताना मेधस ते काढून नेई आणि परत आल्यावर तिथेच ठेवी. आईने पाहिले नाही असे त्याला वाटे, आणि तसे वाटावे म्हणून ती त्या वेळी अंगण सारवायला घेई.

पुढच्या आषाढी पौर्णिमेला सकाळी असे उधाण आले की शाकारलेल्या होड्यांपर्यंत पाणी चढले. दाशारच्या होडीचा दोर तुटला. मेधस तेव्हा संध्येला बसला होता. ओरडा ऐकून तो होता तसा धावला, दोराचे टोक त्याला सापडले, आणि हातातून निसटू नये म्हणून त्याने ते कंबरेला बांधले. ओहोटीच्या ओढीने होडी फिरली. धीवर पाण्यात उतरेपर्यंत होडीही दिसेना आणि तोही दिसेना.

तिसऱ्या दिवशी होडी परत आली. दोर तुटलेला होता आणि त्याला कोणी बांधलेले नव्हते.

दाशार अंशुमतीपुढे वाळूत बसला. नऊ दिवस त्याने सगळी खाडी पालथी घातली होती. "होडी आली, माई," तो म्हणाला. "पोरगं नेलं आणि लाकूड परत दिलं. मला ती होडी जाळावीशी वाटते."

"जाळू नकोस," अंशुमती म्हणाली. "तुझी माणसे काय खातील?"

ज्याचा देह सापडत नाही त्याच्यासाठीही शास्त्राने मार्ग सांगितला आहे. पळसाच्या पानांचे तीनशे साठ देठ घ्यावेत, त्यांचा मनुष्याकार देह रचावा, आणि त्या देहाला अग्नी द्यावा. म्हणजे बुडालेल्याचा, हरवलेल्याचा प्राण पितरांच्या वाटेला लागतो. खाऱ्या वाऱ्यात पळस जगत नाही. म्हणून ऋतंभरांचे शिष्य घाट चढून गेले आणि तीन दिवसांनी भिजलेल्या टोपल्या घेऊन उतरले.

चितेच्या लाकडांशेजारी कृष्णाजिनावर, काळविटाच्या कातड्यावर, ऋतंभरांनी स्वतः देह रचला. शिराच्या जागी नारळ आणि चाळीस देठ. कंठाला दहा. दोन बाहूंना शंभर. ते मोजत होते आणि लोकरीच्या धाग्याने बांधत होते. आवाज यज्ञात असे तसाच सम होता. अंशुमती पलीकडे बसून पाहत होती. जवाच्या पिठाचा लेप देऊन झाला तेव्हा ती म्हणाली, "त्याचा डावा हात एवढा आखूड नव्हता."

ऋतंभर थांबले. संख्या ठरलेली होती, एकही देठ वाढवता येत नव्हता. त्यांनी धागा सैल केला, डाव्या बाहूचे देठ थोडे खाली ओढले आणि पुन्हा बांधले.

मग त्यांनी मेधसला नावाने, गोत्राने, तीन वेळा हाक मारली. तिसऱ्या हाकेला लेपावर बारीक भेगा पडल्या, जणू आतून कोणी छाती भरून घेतली. प्राण आला होता. आता स्नान करायचे, अग्निहोत्रातला अग्नी आणायचा, आणि सूर्य कलण्याआधी तो द्यायचा. देहाला एकटे ठेवू नये असा नियम आहे. "भद्रे, तू इथे बैस," असे सांगून ऋतंभर शिष्यांसह नदीकडे गेले.

अंशुमती बसली. तिने मुखाच्या जागी असलेल्या नारळाकडे पाहिले नाही. तिने तो ओढून लांब केलेला डावा हात पाहिला. मग ती उठली, दर्भाच्या पेंढ्यांखालून निळे वस्त्र काढून आणले, त्यात तो देह गुंडाळला आणि उचलला. वजन नव्हतेच. वीस वर्षांचा मुलगा तान्ह्याएवढा हलका लागत होता.

छातीपर्यंत पाण्यात गेल्यावर ती मोठ्याने म्हणाली, "हे वरुणा! हे जलाधिपते, पाशहस्ता! माझा अस्थिमांसाचा मुलगा तुझ्याकडे आहे. हाही मेधसच आहे. याच्या पित्याने याच्यात त्याला बोलावले आहे. हा घे आणि तो दे!"

तेव्हा लाटा खाली बसल्या. ज्याच्या मुकुटातल्या मोत्यांना अजून शिंपल्यांचा ओलावा होता, ज्याच्या श्वासाने भरती-ओहोटी चालते, तो मेघवर्ण वरुण मकरावर आरूढ होऊन वर आला. त्याच्या हातातल्या पाशावर जुने शेवाळ होते.

"ऋषिपत्नी," तो म्हणाला, "माझ्या घरात आलेले परत देण्याचा अधिकार मलाही नाही. पाश माझ्या हाती आहे असे तुम्ही म्हणता. त्याचे दुसरे टोक माझ्या गळ्यात आहे. पण हे तू काय आणलेस? यात प्राण बोलावलेला आहे आणि याला अग्नी मिळालेला नाही. तो अग्नी याच्या हक्काचा आहे. बाहेरून मिळाला नाही तर तो याच्या आतच पेटेल, आणि सात समुद्रांचे पाणी त्याला विझवू शकणार नाही. याला परत ने."

"परत नेला तर मला तो पुन्हा कधी दिसेल?"

"कधीच नाही. पण तो त्याच्या पितरांत जाईल."

"आणि नेला नाही तर?"

देवांना खोटे बोलता येते, पण वरुण ऋताचा रक्षक. त्याला येत नाही. "नेला नाहीस, तर ज्या पक्षात तो बुडाला त्या पक्षात दरवर्षी पश्चिमेचा वारा त्याला या वाळूवर आणून टाकील. तुला ओळखायला त्याला डोळे नसतील. हाक ऐकायला कान नसतील. श्वास असेल आणि तंतू असतील, एवढेच."

"श्वास असेल ना?"

"असेल."

"मग मला हाच वर दे."

"हा वर नव्हे, अंशुमती."

"वर म्हणूनच दे. यात शाप असेल तर तो मला लागू दे."

"तो कोणाला लागावा, हे मागणाऱ्याला ठरवता येत नाही," वरुण म्हणाला. पण अंशुमतीने आपले हात मोकळे केले होते. निळे वस्त्र पाण्यावर एकदा फुगले आणि खाली गेले.

मातीच्या पात्रात अग्नी घेऊन ऋतंभर परत आले तेव्हा कृष्णाजिन रिकामे होते आणि पत्नी ओल्या वस्त्रांनी उभी होती. तिने काही लपवले नाही. सारे ऐकून ते म्हणाले, "दुसरा देह करता येणार नाही. प्राणाला एकदाच बोलावता येते."

"तो येणार आहे, स्वामी. वरुणाने शब्द दिला आहे."

ऋतंभरांनी शाप दिला नाही, की सांत्वन केले नाही. त्यांनी अग्नी परत नेऊन कुंडात ठेवला, आणि चितेसाठी आणलेल्या लाकडांवर झापा घालून ती तशीच राहू दिली.

वर्ष गेले. त्या वर्षात दाशार पूर्वीसारखा थट्टा करीनासा झाला, एवढा बदल सोडला तर किनारा होता तसाच होता. सुरंगीची सात वर्षांची मुलगी कवडी मात्र आश्रमात येऊ लागली होती. मेधस तिला खांद्यावर बसवून नेत असे. आता ती अंशुमतीच्या मागे मागे हिंडे, तिच्यासारखी पदर खोचून फुले वेचे, तिच्यासारखे हात जोडून सूर्याला अर्घ्य देई आणि निम्मे पाणी आपल्याच पायांवर सांडी. "अगं, देवाला दे, पायांना कशाला?" अंशुमती म्हणे. "पायांनाबी तहान लागते," कवडी सांगे.

आषाढ आला. अंशुमती पौर्णिमेच्या आधीपासून रोज पहाटे किनाऱ्यावर जाऊ लागली. पौर्णिमेला पश्चिमेचा वारा रात्रभर वाहून थांबला, आणि उजाडताना तिने पाहिले की भरतीची सबंध रेघ निळी झाली आहे.

तिथे एक देह नव्हता. पळसाचे जितके देठ होते तितके देह होते. प्रत्येक माशाच्या पोटातल्या फुग्याएवढा, स्फटिकासारखा आरपार दिसणारा, त्या निळीच्या वस्त्राच्या रंगाचा, वर वस्त्राच्या निरीसारखी जांभळट चुणीची कड असलेला. आणि प्रत्येकाच्या खाली लोकरीच्या धाग्यांसारखे लांबच लांब निळे तंतू वाळूवर पसरलेले. वाऱ्याची झुळूक आली की ते फुगे हलकेच कलत आणि पुन्हा उभे राहत.

अंशुमती गुडघ्यांवर बसली आणि तिने एकाला ओंजळीत उचलले. आत श्वास होता. तिला तो तळहाताला कळला.

त्याच क्षणी तंतू तिच्या मनगटांभोवती वळले आणि अग्नी लागला. ज्या अग्नीला वर्षभर वाट मिळाली नव्हती त्याला वाट मिळाली. निखाऱ्याला हात लागला की माणूस हात मागे घेतो. अंशुमतीने घेतला नाही. तिने त्याला छातीशी धरले. तिच्या हातांवर, गळ्यावर आसुडासारखे लाल वळ उठले, श्वास कोंडला, तरी ती म्हणत राहिली, "आलास, बाळा, आलास!" आणि तशीच वाळूवर कोसळली.

शुद्धीवर आली तेव्हा ऊन वर आले होते आणि कोणी ओरडत होते. दहा पावलांवर कवडी पडली होती. ती नेहमीप्रमाणे मागोमाग आली होती. माई गुडघ्यांवर बसली ते तिने पाहिले, माईने निळा फुगा छातीशी धरला ते पाहिले. मग तिने एकच उचलला नाही, पदरात भरून घेतले होते, आणि त्यांचे तंतू माळेसारखे गळ्यात घातले होते.

दाशारने तिला उचलले तेव्हा ती अजून बोलत होती. "माईनं घेतलं," ती म्हणाली. "म्हणून मी घेतलं." दुपारपर्यंत तिचे बोलणे थांबले.

तिसऱ्या दिवशी सुरंगी आश्रमाच्या दाराशी आली. तिचे केस मोकळे होते आणि हाताला राख होती. अंशुमती पुढे झाली. तिच्या दोन्ही हातांची कातडी गेली होती. ते तिने केळीच्या पानांत गुंडाळले होते.

"सुरंगी," ती म्हणाली, "मला शाप दे. तुझा शाप खाली पडणार नाही."

"शाप तुमच्यात देतात, माई." सुरंगीचा आवाज बसलेला होता. "आमच्यात माणूस मेलं की त्याला जाळतात. माझी पोर मी परवा जाळली. लाकडं मी रचली. तिचा हात बाहेर येत होता, तो मी आत सारला. माझ्या हातानं. तुम्ही शहाणी माणसं. तुमच्याकडे मंत्र होता, अग्नी होता, लाकडं तयार होती. तुमच्यानं एवढं झालं नाही?"

अंशुमतीने वळून झापांखालच्या लाकडांकडे पाहिले.

"तुमचं पोरगं वाळूत पडलंय. ते माझ्या सासऱ्याच्या होडीपायी गेलं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण त्याला जाळा. आज जाळा. उद्याच्या भरतीला परत गेलं तर पुढल्या साली कोणाची तरी पोर नेईल, आणि त्या पोरीच्या आईला तुम्ही काय सांगणार? श्वास होता म्हणून?"

एवढे बोलून ती गेली. मागे वळून पाहिले नाही.

अंशुमती वाळूवर आली. ते निळे देह उन्हात पडून होते, काही सुरकुतले होते, तंतू मात्र अजून ओले होते. ती वाकून त्यांना उचलू लागली तेव्हा मागून दाशारने तिच्यापुढे वल्हे धरले. "हात लावू नको, माई. हे घे." मग तो आणि त्याची माणसे आपापली वल्ही घेऊन रांगेने उभी राहिली, आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी भरतीची ती सारी रेघ लोटत लोटत एका जागी आणली. ऋतंभरांच्या शिष्यांनी झापा काढून वर्षभर कोरडी ठेवलेली लाकडे वाहून आणली.

ऋतंभर अग्नी घेऊन आले. पुत्राला अग्नी पित्याने द्यावा, मातेने त्या जागी उभेही राहू नये, असे शास्त्र आहे. ते चितेपर्यंत आले आणि थांबले. मग त्यांनी ते मातीचे पात्र पत्नीच्या पुढे धरले.

"तू ये म्हणालीस," ते म्हणाले, "म्हणून तो आला. मी दिला तर तो जाणार नाही."

केळीच्या पानांत गुंडाळलेल्या हातांनी अंशुमतीने अग्नी घेतला आणि ठेवला. आपल्याकडे घरातून निघणाऱ्याला कोणी 'जा' म्हणत नाही. कितीही दूर निघाला असला तरी 'ये' म्हणतात. अंशुमती त्या ज्वाळांपुढे उभी राहिली, आणि तिला ते म्हणता येईना. लाकडे तडतडली, निळे फुगे एकामागून एक फुटले, प्रत्येकाचा बारीक आवाज झाला. शेवटी ती म्हणाली, "जा."

चिता विझत आली तेव्हा तिने विचारले, "गेला का, स्वामी?"

ऋतंभर राखेकडे पाहत होते. "प्राण कोणत्या देठात उतरला होता, मला माहीत नाही," ते म्हणाले. "यातल्या एखाद्यात असला तर गेला." आणि मग दोघांनी समुद्राकडे पाहिले, कारण तीन दिवसांत सहा भरत्या येऊन गेल्या होत्या, आणि वाळूवरचे किती त्या परत घेऊन गेल्या, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

जे परत गेले ते समुद्रात वाढले. पुढल्या आषाढात दुप्पट आले, त्यापुढे आणखी. अंशुमतीने वरुणाला पुष्कळदा हाक मारली. पण दिलेल्या वराबद्दल देव दुसऱ्यांदा बोलत नाही. त्यानंतर ती बावीस वर्षे जगली. दरवर्षी त्या पक्षात ती पहाटे किनाऱ्यावर जाई, वल्ह्याने त्यांना गोळा करी, आणि जाळी. त्यातला एखादा आपला आहे की सारे नुसतेच समुद्राचे झाले आहेत, हे तिला अखेरपर्यंत कळले नाही. त्या बावीस वर्षांत सुरंगी तिच्याशी एक शब्द बोलली नाही.

तेविसाव्या आषाढात अंशुमती नव्हती. त्या पहाटे पश्चिमेचा वारा थांबला तेव्हा सुरंगी एकटी वाळूवर उतरली. ती आता म्हातारी झाली होती. वल्हे तिला पेलत नव्हते, ती ते फरफटत आणत होती. भरतीच्या रेघेच्या एका टोकापासून तिने लोटायला सुरुवात केली. थोड्या वेळाने तिच्या सुना आल्या, मग शेजारणी आल्या.

तेव्हापासून अपरान्ताच्या किनाऱ्यावर त्या पक्षात निळे विषारी जीव येतात. वल्हे न वापरता त्यांना कोणी स्पर्श करीत नाही, आणि त्यांना शिव्याही देत नाही. बायका मुले जागी होण्याआधी खाली जातात, त्यांना कोरड्या वाळूत लोटतात आणि अग्नी देतात. कोणाचे नाव घेत नाहीत. विस्तव विझेपर्यंत उभ्या राहतात, राखेवर ओली वाळू ओढतात, आणि मग घरांकडे तोंड करून मुलांना हाका मारतात.